काळ्या गाडीचं अर्धं बॉनेट

तुमच्या गाडीवरून रोज सकाळी फडका फिरवणारा माणूस पाणी कुठून आणतो, हे तुम्ही कधी त्याला विचारलं आहे का?

मी विचारलं नव्हतं. आणि मी तर गाड्यांच्याच कामातली.

जयपूरला मुरलीपुऱ्यात, सीकर रोडच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या शेडांची एक रांग आहे. त्यातल्या एका शेडमध्ये मी चार वर्षांपासून पॉलिशिंगचं मशीन चालवते. आमच्याकडे ठोकाठोकी होत नाही आणि नवा रंगही मारला जात नाही. गाडीवर आहे त्याच रंगातले बारीक गोल ओरखडे काढायचे, एवढंच आमचं काम. काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी करा आणि बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब बघा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. सावलीत जी गाडी नवीकोरी वाटते ती उन्हात दहा वर्षांनी म्हातारी होते. हे जाळं अपघाताने पडत नाही. धुळीवरून कोरडा कपडा फिरवला की पडतं. आमच्याकडची धूळ म्हणजे वाळूच. ती कपड्याखाली सापडली की कपड्याचा सुताराचा काचकागद होतो.

हे ओरखडे कशानेही भरता येत नाहीत. रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो, तो ओरखड्याच्या तळापर्यंत खरवडून सपाट करावा लागतो. म्हणजे आम्ही गाडीला काही देत नाही, तिच्याकडचं थोडं काढून घेतो. थर केसापेक्षा पातळ. एकदा काढला की परत येत नाही. बॉनेटच्या मधोमध तो बरा जाड असतो. कडांवर, घडीवर, जिथे पत्रा वळतो तिथे पातळ. नवशिक्याचं मशीन तिथेच रंग जाळतं. मला काम शिकवणारे उस्ताद साठीचे आहेत, जन्म जयपूरचा. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट मी अजून पाळते. "किनारे पे हाथ हल्का रखो. जो निशान रह गया, रहने दो. पर ग्राहक को दिखाके रहने दो."

आता दुसरी गोष्ट. मी पत्रकांवर वाढले आहे. बाबा विमा कंपनीत, मूळचे साताऱ्याकडचे. मी चार वर्षांची असताना त्यांची बदली जयपूरला झाली आणि बदलीबरोबर युनियनचं कामही आलं. रविवारी आमच्या हॉलमध्ये पत्रकांच्या घड्या घालायचं काम चाले. मला देवनागरी शाळेने शिकवली नाही, 'साथियो' या शब्दाने शिकवली. बाबांच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याला काहीतरी आजच करायला सांगितलेलं असे. ते मला फार आवडायचं. लहानपणी मला वाटे, एवढं स्पष्ट लिहिल्यावर माणसं करणार नाहीत असं होऊच शकत नाही.

बाबांची एक सवय मात्र मला तेव्हा विनोदी वाटायची. पत्रक छापायला देण्याआधी, ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार त्याला ते मोठ्याने वाचून दाखवत. एकदा मॅनेजरविरुद्धचं पत्रक त्यांनी मॅनेजरच्याच केबिनमध्ये जाऊन वाचलं. मॅनेजरने सगळं ऐकलं आणि एका परिपत्रकाची तारीख चुकली आहे म्हणून सांगितलं. बाबांनी ती दुरुस्त केली आणि बाकीचं जसंच्या तसं छापलं. युनियनमधले लोक बरेच दिवस त्यांना चिडवत होते, पुढच्या वेळी मॅनेजरकडूनच लिहून घ्या म्हणून.

गेल्या वर्षी चैत्रात मी एक पत्रक लिहिलं. हिंदीत, एक पान. धुळीने काय होतं, जाळं कसं पडतं, ते काढताना रंग कसा कमी होतो. शेवटी मोठ्या अक्षरांत: कोरडा कपडा बंद करा, आजच बंद करा. उस्तादांनी ते शेडच्या दाराला लावलं. मी ते आमच्या सोसायटीच्या चारही लिफ्टमध्ये चिकटवलं आणि सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. आपण एक खरी आणि उपयोगाची गोष्ट लोकांना सांगितली, असं वाटून मी त्या दिवशी शांत झोपले.

आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे एकच. आम्ही सगळी मुलं त्यांना काकाजी म्हणत मोठी झालो. ते चाकसूजवळच्या एका गावचे. मुरलीपुऱ्यात खोली घेऊन राहतात आणि पहाटे सायकलवरून येतात. बावीस गाड्या. वर्षातून दोनच दिवस सुट्टी घेतात, शीतला मातेच्या मेळ्याला. मी लहान असताना मेळ्याहून माझ्यासाठी मातीची शिट्टी आणायचे. मला ते बाईसा म्हणतात, घरातल्या लेकीला इकडे मानाने म्हणतात तसं, मी पाचवीत होते तेव्हापासून.

मी पत्रक लावलं तेव्हा ते मेळ्यालाच गेले होते.

दोन दिवसांनी सकाळी सातला मी कामाला निघाले, तर काकाजी फाटकाबाहेर सायकल लावून उभे. धुतलेले फडके हँडलवर वाळत घातलेले. वॉचमनने त्यांना माझं पत्रक वाचून दाखवलं होतं. नऊ घरांनी यायची गरज नाही म्हणून निरोप ठेवला होता. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यांत पुढे. त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं की हा माणूस वर्षानुवर्षं आपल्या गाड्या खराब करतो आहे, रविवारी सकाळी अकराला मीटिंग घेऊन त्याचा फाटकातला प्रवेशच बंद करू. फाटक बंद म्हणजे नऊ नाही, बावीसच्या बावीस गाड्या गेल्या.

मी सायकलपाशी गेले आणि, लाज वाटते सांगायला, त्यांना समजावायला लागले. माझा राग तुमच्यावर नाही, कपड्यावर आहे. कोरड्या कपड्याने असं असं होतं. वाळूचा कण असा असा फिरतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एक फडका हँडलवरून काढून त्याची घडी घालत म्हणाले, "मालूम है बाईसा. सूखा कपड़ा काटता है. पहले तो मैं गीला ही मारता था."

मी विचारलं, मग सोडलं का?

"पानी का कागज़ भी तो आपने ही लिखा था."

मी ते विसरले होते असं नाही. फक्त कधी एकाला एक जोडलं नव्हतं. अकरावीत असताना, ज्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येत होते त्या उन्हाळ्यात मी एक पोस्टर केलं होतं. एका बाजूला चकचकीत गाडी, दुसऱ्या बाजूला रिकामा माठ. खाली लिहिलं होतं, गाड्या धुणं बंद करा. शेवटी अर्थातच, आजच बंद करा. सेक्रेटरींनी ते नोटीस बोर्डावर लावलं, मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं, मला एक पेन दिलं, आणि त्याच आठवड्यात पार्किंगमधल्या नळावर लोखंडी पेटी बसवून कुलूप घातलं. कुलूप अजून तिथेच आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते.

नळ गेल्यापासून काकाजींना वॉचमनच्या टाकीतली एक बादली मिळायची. एका बादलीत बावीस गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत पाण्याचा चिखल होतो, आणि चिखलाच्या कपड्यापेक्षा कोरडा कपडा कमी कापतो. म्हणजे मी ज्याला अडाणीपणा समजून पत्रक लिहिलं, तो त्यांनी माझ्याच आधीच्या पत्रकातून काढलेला त्यातल्या त्यात बरा मार्ग होता.

त्या दिवशी बाबांचा फोनवर मेसेज आला. ते महिनाभर साताऱ्याला होते, ग्रुपवर त्यांनी पत्रक वाचलं होतं. शाब्बास वगैरे काही नाही, फक्त इतकंच: कोणाला वाचून दाखवलंस? मी आईला तो दाखवला. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मतलब काय, बापाची लिहायची खोड घेतलीस तू, विचारायची नाही घेतलीस."

शुक्रवारी सेक्रेटरी त्यांची काळी गाडी घेऊन आमच्या शेडवर आले. ते नागपूरचे, बँकेतून निवृत्त झालेले. गणपतीत आरत्या तेच सांगतात आणि मला लहानपणापासून ओळखतात. त्यांना गाडी पूर्ण करून नको होती.

"अर्धंच बॉनेट कर," ते म्हणाले. "अर्धं तसंच राहू दे. रविवारी सगळ्याले दाखवतो, काय होतं अन् काय झालं. आणि एक कागद दे लिहून, हे फडक्यानं झालं म्हणून."

"झालंय फडक्यानंच, काका. पण नळ..."

"मग झालं तर. 'पण' कायले पाहिजे आता?"

मी उस्तादांकडे बघितलं. मला हे काम नको होतं. या बॉनेटवर माझ्याच हाताने पुरावा तयार होणार होता आणि तो कोणाविरुद्ध वापरला जाणार हे मला माहीत होतं. उस्ताद एवढंच म्हणाले की गाडीचा काय गुन्हा, काम करा.

काम सुरू करायला संपूर्ण गाडी धुवावी लागते, मग चिकणमातीसारख्या गोळ्याने रंगात रुतलेले कण उचलावे लागतात. ते केलं. बॉनेटच्या बरोबर मधून टेपची सरळ रेघ मारली. रबरी पट्ट्यांवर, लोगोवर टेप लावली. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आमच्याकडे आहे. ते पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. मधोमध आकडा चांगला होता. डाव्या बाजूच्या घडीवर टेकवलं तर आकडा घसरला. या गाडीवर आधी कुणीतरी मशीन मारलेलं होतं, आणि घडीवर बेफिकीरपणे मारलेलं होतं.

हातभर जागेवर आधी चाचणी घेतली. फोमचा पॅड, त्यावर कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या लेपाचे, चार ठिपके, मशीन आधी सावकाश, मग मध्यम वेगावर. आमच्या मशीनची चकती फिरता फिरता किंचित डुलतेही, त्यामुळे ती एका जागी रंग खात नाही, पण धरणारा रागात असला तर कुठलंही मशीन खातं. उभे फेरे, आडवे फेरे, एकावर निम्मा चढलेला दुसरा. मग स्पिरिटने पुसायचं, कारण कंपाउंडमधलं तेल ओरखड्यात बसतं आणि ओरखडे गेले असं दाखवतं. दिव्याखाली बघितलं. जाळं गेलं होतं. काळा रंग विहिरीसारखा खोल दिसत होता.

पुढचा तासभर नीट झाला. मग माझ्या डोक्यात मीटिंग सुरू झाली. मी सेक्रेटरींना काय सुनावणार, नळाच्या कुलपाबद्दल काय बोलणार, पेन कसं परत करणार. वाक्यं फार छान जुळत होती. हात कधी जड झाला कळलं नाही. मी घडीवर होते, मशीन तिथेच घुटमळत होतं, आणि एकाएकी ते बंद पडलं.

उस्तादांनी भिंतीतून प्लग काढला होता. त्यांनी उलटा हात पत्र्यावर ठेवला आणि माझा हात धरून तिथे टेकवला. पत्रा भाजत होता.

"पानी पीके आओ," ते म्हणाले.

मी परत आल्यावर दोघांनी दिवा तिरका धरून बघितलं. रंग जळला नव्हता. थोडक्यात वाचला होता. घडीला लागून बोटभर लांबीचा एक ओरखडा उरला होता, जुना, बाकीच्यांपेक्षा खोल. आणखी दोन फेऱ्यांत तो गेला असता. त्याच्याबरोबर कदाचित काळा रंगही. त्या वेळी घडी जळली असती, तर रविवारी अख्ख्या सोसायटीने ती काकाजींच्या नावावर टाकली असती आणि मी कितीही बोलले असते तरी ती तिथून पुसली गेली नसती. मी ओरखडा तसाच सोडला.

संध्याकाळी सेक्रेटरी गाडी न्यायला आले तेव्हा मी दिवा धरून तो दाखवला. इथे रंग पातळ आहे, म्हणून हा काढला नाही. ते वाकले, डोळे बारीक केले, म्हणाले, "राहू दे, एवढंसं कोण पाहते." कागदावर मी लिहून दिलं की ओरखडे कोरड्या फडक्याचे आहेत. ते खरं होतं. खाली मी अजून एक वाक्य लिहिलं होतं, की फडका कोरडा का होता ते रविवारी सांगेन. ते त्यांनी तिथे वाचलं नाही.

शनिवारी दुपारी मी तिसरं पत्रक घेऊन काकाजींच्या खोलीवर गेले. या वेळी छापायच्या आधी. ते दारात बसून फडके उसवत होते. जुन्या टॉवेलांचे काठ ते काढून टाकतात, कारण शिवणीचा दोरा रंगाला लागतो. तीन वर्षं मशीन चालवून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पान वाचायला सुरुवात केली. पहिल्याच परिच्छेदात 'गरीब मेहनतकश' आलं आणि त्यांनी हात वर केला.

"गरीब-वरीब निकाल दो, बाईसा. दो बाल्टी लिखो. एक धोने की, एक कपड़ा निचोड़ने की."

मी खोडलं. पुढे माझ्या चुकीबद्दल मोठा परिच्छेद होता. मी कशी पत्रकांत वाढले, मला कसं दुःख झालं. तो ऐकून त्यांनी विचारलं की हे एवढं लांब कोणासाठी आहे. मी तोही खोडत गेले. त्याची एक ओळ झाली: पाण्याचं पोस्टर मी लिहिलं होतं आणि कोरड्या कपड्याचंही. शेवटी पान पाऊण होतं ते अर्धं झालं.

मग ते म्हणाले की कागदाने कोणी मानणार नाही, मी सेक्रेटरींच्या गाडीवरच फडका मारून दाखवतो. साफ केलेल्या बाजूवर.

मी नाही म्हणाले. त्यांना सांगितलं की नुकता पॉलिश केलेला काळा रंग म्हणजे सगळ्यांत नाजूक गोष्ट. इतर गाडीवर शंभर ओरखड्यांत एकशेएकावा दिसत नाही. तिथे एक कण सरकला तरी उन्हात तारेसारखा चमकेल. लोक तेच शोधायला वाकलेले असतील. त्यांनी मान हलवली. हे सगळं त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं. फडका गुडघ्यावर पसरून त्यावरून उलटा हात फिरवत ते शिवणीचा राहिलेला दोरा शोधत राहिले.

रविवारी सेक्रेटरींनी गाडी पहाटेपासून आवारात उघड्यावर लावून ठेवली होती. अकरापर्यंत तिच्यावर धुळीचा पिवळट थर बसला. खुर्च्या टाकल्या, तीसेक लोक आले. उभ्या उभ्या चहा फिरला. सेक्रेटरींनी एका हाताने छत्री धरून बॉनेटवरची धूळ हवेच्या पंपाने उडवली, मग छत्री बाजूला केली. ऊन पडलं. मधल्या रेघेच्या एका बाजूला काळं पाणी, दुसऱ्या बाजूला जाळं. लोक पुढे सरकले. जे मी तीन वर्षं बोलून समजावू शकले नव्हते ते एका क्षणात कळलं. आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

त्यांनी माझा कागद वाचला. खालचं वाक्य आलं तेव्हा थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी उठून अर्धं पान वाचलं. पोस्टर माझं, पत्रक माझं, कुलूप आपलं सगळ्यांचं, बावीस गाड्यांना एक बादली, हव्या आहेत दर गाडीला दोन. कुणीतरी मागून हसत म्हणालं की मॅडम दर उन्हाळ्याला मत बदलतात. हशा झाला. तो टोमणा खरा होता म्हणून फार लागला. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं की पाणी कितीही द्या, सवय जाणार नाही.

काकाजी फाटकाच्या आत चार पावलं आले होते. चपला फाटकापाशी काढून ठेवलेल्या, कशासाठी ते देवच जाणे. ते सेक्रेटरींना म्हणाले, "साहब, साफ़ वाली तरफ़ मारके दिखाऊँ?"

सेक्रेटरींनी बॉनेटकडे बघितलं. गाडी त्यांची जीव की प्राण आहे, हे मला माहीत होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "मारो. एक भी लकीर आई तो फिर गेट के अंदर नहीं."

कुलूप कुणी उघडायला तयार नव्हतं म्हणून वॉचमनने टाकीतून दोन बादल्या आणल्या. पंपाने उडून गेलेल्या धुळीची जागा वाऱ्याने आधीच भरून काढली होती. काकाजींनी मगाने आधी नुसतं पाणी सोडलं, वरून खाली, हात न लावता. वाळू ओघळून गेली. मग पुन्हा. मग फडका भिजवून त्याची चार पदरी घडी केली आणि दोन टोकं धरून नुसता ओढला. वरून दाबलं नाही. एक ओढ, घडी उलटली. दुसरी ओढ, दुसऱ्या बादलीत खळबळून पिळला. एकाच दिशेने, गोल एकदाही नाही. आवारात पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. शेवटी कोरड्या फडक्याने पुसलं नाही, टिपलं. शाईवर टीपकागद ठेवावा तसं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते आणि माझा उजवा हात आपोआप हलका होत होता.

ऊन सरळ बॉनेटवर होतं. लोक वाकले. एका बाईंनी मोबाइलचा टॉर्चही लावला, भर उन्हात. जाळं नव्हतं.

मग एक बोट घडीवर टेकलं. "ये क्या है?"

बोटभर लांबीचा ओरखडा. उन्हात तारेसारखा.

काकाजींनी तो बघितला. त्यांच्या हातातला फडका खाली आला आणि त्यांनी तो आवळून धरला. मी नाही केलं असंही ते म्हणाले नाहीत. मी म्हणाले की हा शुक्रवारचा आहे. तिथे रंग पातळ आहे म्हणून मी सोडला आणि गाडी देताना दाखवून दिला.

"दाखवला कोणाला?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं. त्यांनी नुसतं 'आठवत नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं. माझ्याकडे साक्षीदार उस्ताद, आणि ते इथे नव्हते. सेक्रेटरींनी खिशातून चष्मा काढला, लावला, घडीजवळ वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मला वाटलं ते शब्द जुळवत आहेत, जसे मी मशीन धरून जुळवत होते.

उभे राहून ते म्हणाले, "हाँ. ये इसने दिखाई थी मुझे." मग चष्मा परत खिशात ठेवताना मराठीत, माझ्याकडे न बघता, "माझ्यासमोरच दिवा धरला होता तिनं."

फाटक बंद झालं नाही. नळाबद्दल बराच वाद झाला आणि शेवटी ठरलं की सकाळी सहा ते साडेसहा पेटी उघडायची, चावी वॉचमनकडे, पाणी बादलीनेच घ्यायचं, पाइप लावायचा नाही. नऊ घरांपैकी सहांनी काकाजींना परत बोलावलं. तीन घरांनी नाही. त्या तिघांत सेक्रेटरी आहेत. ते आता आपली गाडी रविवारी स्वतः धुतात, दोन बादल्यांत, एकाच दिशेने, आणि मी दिसले तर हाक मारून बॉनेट बघायला लावतात. उरलेलं अर्धं मी पुढच्या मंगळवारी करून दिलं. घडीवरचा ओरखडा अजून तिथेच आहे. तीन गाड्या काकाजींच्या गेल्या त्या गेल्या. त्या माझ्यामुळे गेल्या, आणि सत्य लिहिलं होतं एवढ्याने त्याची भरपाई होत नाही. लिफ्टमधली पत्रकं मी स्वतः नखांनी खरवडून काढली. एका लिफ्टमध्ये डिंक घट्ट बसला होता, तिथे एक कोपरा अजून शिल्लक आहे. त्यावर 'आजच' एवढंच वाचता येतं.

हे पान मी छापायला देण्याआधी काकाजींना वाचून दाखवलं, मराठी वाक्यांचं हिंदी करत. त्यांनी एक वाक्य काढायला लावलं. ते इथे नाही.

आता तुमच्याकडे मागणं आहे. उद्या सकाळी अर्धा तास लवकर उठून खाली जा. तुमची गाडी जो माणूस पुसतो त्याला विचारा, पाणी कुठून आणता. कुठून तरी एका बादलीत आणत असेल, तर नळ शोधा. नळाला कुलूप असेल, तर चावी कोणाकडे आहे ते शोधा. आणि दोन बादल्या भरून तुमच्या हाताने त्याच्यापाशी नेऊन ठेवा.